चहा चाखायचा कसा: घरातल्या डब्यांपासून सुरुवात

चहाचे डबे घरात आपोआप जमतात. रोजची भुकटी असतेच. शिवाय दार्जिलिंगच्या सहलीतून आलेलं पाकीट, मुन्नारहून आणलेला चहा, दिवाळीच्या भेटीतला ग्रीन टी, कुणी परदेशातून दिलेला एखादा ऊलाँग, म्हणजे ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधला प्रकार. यातला प्रत्येक चहा एकदा करून पाहिला जातो, ‘पांचट आहे’ असा शेरा मिळवतो आणि मागच्या फळीवर जातो. बहुतेक वेळा दोष चहाचा नसतो. दार्जिलिंग रोजच्यासारखा दूध घालून उकळलेला असतो, ग्रीन टी उकळत्या पाण्यात दहा मिनिटं पडून राहिलेला असतो. दोन चहांची तुलना करायची तर पत्ती सोडून बाकी सगळं सारखं हवं: पाणी, वजन, वेळ, कप. मग जो फरक लागेल तो चहाचाच असतो.

आधी डबे तपासा

सगळे डबे टेबलावर काढा आणि प्रत्येकाची वेष्टनावरची माहिती कागदावर उतरवा: मळा किंवा प्रदेश, हंगाम, ग्रेड, पॅकिंगची तारीख. मूळ पाकीट फेकून पत्ती बरणीत ओतली असेल तर यापुढे पाकिटाचा तेवढा तुकडा कापून बरणीत टाकत जा. नाव नसलेल्या चहाची नोंद पुढे कशाशीच जुळवता येत नाही.

ग्रेडच्या अक्षरांनी दबून जाऊ नका. बीओपी (तुटकं पान), पीएफ (त्याहून बारीक), डस्ट (भुकटी) किंवा दार्जिलिंगच्या पाकिटावरची एफटीजीएफओपी१ ही लांबलचक माळ मुख्यतः पानाचा आकार आणि त्यातल्या कळ्यांचं प्रमाण सांगते. चवीची हमी त्यात नाही. चांगल्या मळ्याचा बीओपी सामान्य मळ्याच्या लांब पानाला सहज मागे टाकतो. हंगाम मात्र नीट वाचा. फ्लश म्हणजे नव्या पालवीची तोड. दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश फेब्रुवारीअखेर ते एप्रिल, सेकंड फ्लश मे-जून, मग पावसाळी माल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑटमनल. त्याच मळ्याचे हे चार चहा एकमेकांचे सख्खे वाटणार नाहीत इतके वेगळे लागतात. काही पाकिटांवर डीजे-१, डीजे-२ असं छापलेलं असतं; तो त्या मळ्याच्या त्या वर्षीच्या मालाचा इन्व्हॉइस क्रमांक, डीजे-१ म्हणजे हंगामातला पहिला.

आता वास. डबा उघडून लगेच नाक खुपसू नका. चिमूटभर पत्ती तळहातावर घेऊन तोंडाची गरम वाफ तिच्यावर सोडा आणि मग हुंगा. कुबट वास आला तर पत्तीने ओल धरली आहे; तो चहा चाखायला घेऊ नका. वेलची, हिंग, अगरबत्ती किंवा कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत असेल तर तो साठवणुकीचा दोष. चहाची पत्ती शेजारचा वास पटकन ओढून घेते, म्हणूनच मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलेला दार्जिलिंग महिन्याभरात गरम मसाल्याचा लागतो. गवती चहा, तुळस, मसाला चहा आणि अर्ल ग्रेसारखे सुगंधी चहा याच कारणाने वेगळ्या फळीवर ठेवा. गवती चहा आणि तुळस तर चहाच्या झाडाची पानंच नाहीत, त्यांना या तुलनेत घेऊ नका.

वय पाहा. ग्रीन टी आणि फर्स्ट फ्लश वर्षभरात मवाळ होतात, ग्रीन टी तर उघडल्यावर काही महिन्यांतच. सीटीसी, म्हणजे दाणेदार ममरी, नीट बंद असेल तर दीड वर्ष टिकते. जुना झालेला चहा घातक नसतो. फक्त त्याच्यावरून त्या जातीबद्दल मत बनवू नका.

सामान थोडंच, पण तंतोतंत

सारख्या आकाराचे, आतून पांढरे, चिनी मातीचे चार कप, प्रत्येकी १५० मिलीचे. चार बश्या झाकणासाठी. चार पांढऱ्या वाट्या, चहा गाळून घ्यायला. बारीक जाळीची स्टीलची गाळणी. प्लॅस्टिकच्या जुन्या गाळणीत आधीच्या चहाचा वास राहतो. फोनवरचं घड्याळ. स्वयंपाकात वापरतात तो टोचायचा थर्मामीटर असेल तर उत्तम.

आणि वजनकाटा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा काटा इथे चालत नाही, कारण तीन ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे मोठी चूक. ०.१ किंवा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा खिशातला काटा घ्या, दागिने तोलायचा म्हणून विकतात तसला. चमच्यावर विसंबू नका. एका सपाट चमच्यात सीटीसी सुमारे अडीच-तीन ग्रॅम बसते. त्याच चमच्यात लांब पानाचा दार्जिलिंग जेमतेम दीड ग्रॅम भरतो, आणि फुललेला व्हाइट टी (नुसत्या सुकवलेल्या कोवळ्या कळ्या-पानांचा चहा) ग्रॅमभरही नसतो. ‘एक चमचा’ मापाने केलेल्या तुलनेत सीटीसी नेहमी ‘कडक’ आणि दार्जिलिंग नेहमी ‘फिका’ ठरतो, तो असा.

पाणी

कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, आणि महाराष्ट्रात ते गल्लोगल्ली बदलतं. बोअरवेलच्या जड पाण्यात चहाचा रंग काळपट होतो, वर तवंग धरतो आणि सुगंध दबतो; पाण्यातला कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं मिळून तो थर बनतो. उलट आरओचं फार कमी टीडीएसचं (म्हणजे विरघळलेले क्षार फार कमी असलेलं) पाणी घेतलं तर रंग चकचकीत येतो, पण चव टोकदार आणि पोकळ लागते. साधारण ५० ते १५० टीडीएसचं पाणी चांगलं. घरी आरओ आणि नळ दोन्ही असतील तर अर्धं-अर्धं मिसळून पाहा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते रुंद तोंडाच्या पातेल्यात तासभर उघडं ठेवा. एका बैठकीतले सगळे कप एकाच पातेल्यातल्या पाण्याचे, हा नियम मोडू नका.

उंचीचाही थोडा हात असतो. दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. मुंबईत आधण १०० अंशांचं, पुण्यात सुमारे ९८, महाबळेश्वरला ९५-९६. खुद्द दार्जिलिंगच्या उंचीवर ते ९३ च्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरच्या बंगल्यात केलेला आसाम घरच्यापेक्षा हलका लागला तर पत्तीला दोष देऊ नका.

पहिली बैठक: चार चहा, एकच माप

सुरुवातीला चारच चहा घ्या, आणि एकमेकांपासून लांबचे घ्या. दार्जिलिंग (शक्यतो सेकंड फ्लश), निलगिरीचा ऑर्थोडॉक्स, आसामचा ऑर्थोडॉक्स आणि आसामचा सीटीसी, असा संच सर्वांत शिकवणारा. ऑर्थोडॉक्स म्हणजे पान सुकवून, वळून, ऑक्सिडेशन (हवेतल्या ऑक्सिजनने पान तांबूस होणं) होऊ देऊन भाजलेला चहा. सीटीसीत पान दातेरी रोलरमधून चिरडून, फाडून गोळी केलेली असते. पेशी जवळजवळ सगळ्या फुटलेल्या असल्याने सीटीसी झटकन उतरतो आणि रंग भरपूर देतो.

वेळ सकाळी नाश्त्यानंतर दीड-दोन तासांची. पोट रिकामं नको, चहाने मळमळतं. त्याआधी कांदा-लसूण, पान-सुपारी, बडीशेप, पुदिन्याची टूथपेस्ट नको. देवघरात उदबत्ती लागलेली असेल तर बैठक संध्याकाळवर ढकला. अंगाला अत्तर नको, आणि शेजारच्या शेगडीवर फोडणीही नको.

व्यावसायिक टेस्टरांसाठी आयएसओ ३१०३ नावाचं मानक आहे: १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती, उकळतं पाणी, ६ मिनिटं. भारतातले बरेच टेस्टर पाच मिनिटांवर थांबतात. घरीही पाच पुरतात. हा चहा प्यायला कडक लागणार, तसाच तो हवा. या मापात चहाचे गुण आणि खोड्या दोन्ही उघड्या पडतात.

१. चारही चहा प्रत्येकी ३.० ग्रॅम तोलून कपांसमोर वेगवेगळ्या कागदांवर ठेवा. कोरडं पान आधीच बघून घ्या: रंग, आकार एकसारखा आहे का, काड्या किती, कळ्यांची सोनेरी टोकं दिसतात का.

२. कप गरम पाण्याने विसळून गरम करा आणि पुसा. थंड कप पहिल्याच मिनिटात पाण्याची उष्णता खातो.

३. पत्ती कपात टाका. पाण्याला खळखळून उकळी आली की लगेच, काठाच्या अर्धा सेंटिमीटर खालपर्यंत ओता. दर कपात १५ सेकंदांचं अंतर ठेवा, पहिला कप भरताच घड्याळ सुरू करा.

४. बशी झाका. मध्ये ढवळू नका, उघडून बघू नका.

५. पाच मिनिटं झाली की भरल्या त्याच क्रमाने, तेवढ्याच अंतराने, वाट्यांत गाळा. गाळणी दरवेळी गरम पाण्याखाली धुवा.

६. चोथा उलटा करून बशीवर काढा आणि कपाच्याच क्रमाने वाटीमागे मांडा.

आता एका रांगेत चार वाट्या, मागे चार बश्यांवर चोथा, पुढे डब्यातली चिमूटभर कोरडी पत्ती. खिडकीच्या उजेडात पाहा. पिवळ्या दिव्याखाली सगळेच चहा तांबूस दिसतात.

चोथ्यापासून सुरुवात करा

नवखे लोक थेट वाटीला तोंड लावतात. अनुभवी टेस्टर आधी चोथ्याचा वास घेतो, कारण गरम ओल्या पानात सुगंध वाटीपेक्षा जास्त मोकळा असतो आणि मिनिटाभरात उडून जातो. बशी नाकाजवळ धरा, दोन छोटे श्वास घ्या, बाजूला करा, पुन्हा एकदा. मग रंग. काळ्या चहाचा चोथा नव्या तांब्याच्या भांड्यासारखा लखलखीत असेल तर माल ताजा आणि नीट केलेला. काळपट, मेलेला रंग म्हणजे ऑक्सिडेशन जास्त झालेलं किंवा चहा जुना. दार्जिलिंग फर्स्ट फ्लशचा चोथा हिरवट असतो, त्याने दचकू नका. ते पान सुरुवातीलाच फार सुकवतात, त्यामुळे ऑक्सिडेशन कमी होतं.

वाटीतला चहा पाहताना रंग किती गडद यापेक्षा तो किती चमकतो हे बघा. गडदपणा पत्ती बारीक असली की येतोच. काठाशी सोनेरी कडा दिसणं चांगलं, ढगाळ मातकट दिसणं वाईट. अपवाद एक: चांगला कडक आसाम निवत गेला की गढूळ होऊ लागतो. कॅफिन आणि चहातली रंगद्रव्यं थंडाव्यात एकत्र येतात म्हणून असं होतं. टेस्टर त्याला क्रीम म्हणतात आणि ते गुणाचंच लक्षण. निलगिरी बहुधा थंड झाल्यावरही नितळ राहतो, म्हणून आइस्ड टीला तो पसंत करतात.

घोट

चहा ५५-६० अंशांवर आला की सुरू करा. हाताला वाटी धरवते, पण जास्त वेळ नाही, इतपत गरम. मोठा चमचा भरून घ्या आणि जोरात, आवाज करत भुरका मारा. घरच्यांनी लहानपणी ज्याबद्दल दटावलं ते इथे मुद्दाम करायचं आहे. भुरक्याने चहाचा फवारा होऊन जीभभर पसरतो आणि वाफ घशामागून नाकात चढते. चहाचे बारकावे मुख्यतः तिथेच कळतात; सर्दी झाली असेल तर त्या दिवशी चाखण्यात अर्थ नाही. तोंडात दोन-तीन सेकंद फिरवा, मग एका भांड्यात थुंका. गिळलं तरी चालेल, पण चार चहांच्या दोन-दोन फेऱ्या या मापाने प्यायलात तर रात्री झोपेचं खोबरं होईल.

फेरी हलक्याकडून जडाकडे: दार्जिलिंग, निलगिरी, आसाम ऑर्थोडॉक्स, सीटीसी. मध्ये कोमट पाण्याची चूळ. मग उलट क्रमाने परत या. तिसरी फेरी चहा कोमट झाल्यावर, ४० अंशांच्या आसपास. गरम असताना लपलेला दोष निवल्यावर बाहेर येतो, आणि चांगला चहा निवल्यावर गोडसर होतो. नवख्याला याच फेरीत सगळ्यात जास्त कळतं.

एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या. पहिला घोट फक्त तुरटपणासाठी. तुरट आणि कडू यांची गल्लत जवळजवळ प्रत्येक जण करतो. कडू ही जिभेची चव, कारल्याची, मेथीच्या दाण्यांची. तुरट हा स्पर्श: कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर गाल आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात तो. चहात थोडा तुरटपणा हवाच. तो तोंड ताजं करून सोडत असेल तर टेस्टर त्याला ब्रिस्क म्हणतात. जिभेवर खरखर ठेवून जात असेल तर तो नुसता कोरडा तुरटपणा. दुसरा घोट दाटपणासाठी: तोंडात पाण्यासारखा हलका वाटतो की भरीव? तिसरा सुगंधासाठी. चौथा मागे काय उरतं ते पाहायला: गिळल्यावर किंवा थुंकल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि काय राहिलं, किती वेळ राहिलं ते बघा.

आपले शब्द वापरा

चहाच्या इंग्रजी पाकिटांवरच्या फुलाफळांची नावं पाठ करून उपयोग नाही. जे फळ तुम्ही कधी हुंगलं नाही त्याचा वास तुम्हाला चहात सापडणार नाही. घरातल्या वासांचा साठा पुरेसा आहे. आसाम सेकंड फ्लशच्या ज्या वासाला टेस्टर माल्टी म्हणतात तो नाचणीच्या सत्त्वाच्या किंवा भाजलेल्या सातूच्या जवळ जातो. दार्जिलिंग सेकंड फ्लशची प्रसिद्ध मस्कटेल छटा काळ्या मनुका आणि पिकलेल्या द्राक्षांकडे झुकते. तुडतुड्यांसारखे बारीक किडे कोवळं पान चावतात तेव्हा झाड जी द्रव्यं तयार करतं त्यांच्यामुळे ती येते, म्हणून ती दरवर्षी सारखी नसते. फर्स्ट फ्लशमध्ये ओलं गवत, मोहोर, कधी कोवळ्या मटाराच्या शेंगा. चिनी ग्रीन टीत भाजलेले शेंगदाणे किंवा उकडलेलं कणीस. सेंचा या जपानी ग्रीन टीत पालकाचं पाणी आणि समुद्राचा वास. काकवी, मध, सुकं लाकूड, आमसूल, भाजलेला पापड, सगळे शब्द चालतील, पण तो वास तुम्ही ओळखता एवढी अट.

दोषांसाठी मराठीत तर शब्दांची ददात नाही. पांचट म्हणजे दाटपणा नाही. करपट म्हणजे भट्टीत जास्त भाजलेला. धुरकट म्हणजे सुकवताना धूर लागलेला, मात्र लॅपसांग सूचाँगसारख्या चिनी चहात तो मुद्दाम दिलेला असतो. कुबट म्हणजे ओल. उग्र, मिळमिळीत, खरखरीत, चोपडा, हे शब्द ‘छान’ आणि ‘ठीक’ पेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

मग प्रत्येकाला त्याच्या मापाने

समान मापाची फेरी तुलनेसाठी. नंतर प्रत्येक चहा त्याला मानवेल तसा करून पाहा, कारण पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवलेल्या ग्रीन टीवरून कुणाचंच मत चांगलं होणार नाही. १५० मिलीला ३ ग्रॅमऐवजी २ ते २.५ ग्रॅम घ्या. जपानी ग्रीन टीला ७०-७५ अंश आणि दीड मिनिट. चिनी ग्रीन आणि व्हाइट टीला ८० अंश, ग्रीनला दोन-तीन मिनिटं, व्हाइटला पाचही चालतात. फर्स्ट फ्लशला ८५-९०, तीन मिनिटं. ऊलाँगला ९०-९५. सेकंड फ्लश, निलगिरी, आसाम यांना आधणच, तीन ते चार मिनिटं. पुएर या मुरवलेल्या चिनी चहाला उकळतं पाणी, पण आधी पाच सेकंद पाणी घालून ओतून द्या, मग चहा करा.

थर्मामीटर नसेल तर एक युक्ती: उकळलेलं पाणी खोलीच्या तापमानाच्या जाड चिनी मातीच्या भांड्यात ओतलं की सुमारे दहा अंश उतरतं, दुसऱ्यात ओतलं की आणखी थोडं. दोन भांडी बदलल्यावर ग्रीन टीला चालण्याजोगं होतं. गार पाणी मिसळूनही जमतं, फक्त दरवेळी तेवढंच मिसळा.

चोथा टाकू नका. लांब पानाचा चहा दुसऱ्यांदा, ऊलाँग चार-पाचदा उतरतो, आणि दुसऱ्या पाण्याला पहिल्यापेक्षा चांगला लागणारा ऊलाँग विरळा नाही. सीटीसीचा दुसरा चहा मात्र नुसतं रंगीत पाणी.

दुधाचं काय?

कोरा चहा म्हणजेच खरा चहा, असा एक नखरा या छंदात फार लवकर अंगात येतो. त्याला भुलू नका. सीटीसी दुधासाठीच घेतला जातो आणि दुधाशिवाय त्याचा निवाडा करणं त्याच्यावर अन्याय आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून कोरा असताना घशाला ओरखडणारा सीटीसी दुधात गोलसर लागतो. पण तेच दूध दार्जिलिंगचा सुगंध पुसून टाकतं.

सीटीसीच्या तीन-चार पुड्यांची तुलना अशी करा. वर सांगितल्याप्रमाणे चहा गाळून घ्या आणि प्रत्येक वाटीत १० मिली गरम दूध घाला, मापाच्या चमच्याने. रंग बघा. चांगला आसाम तांबूस-केशरी, उजळ दिसतो. कमकुवत चहा राखाडी, मळकट पडतो. हा रंग काही सेकंदांत बरंच सांगून जातो. त्यानंतर उकळीचा चहा: १०० मिली पाणी, ३ ग्रॅम पत्ती, मंद आचेवर दोन मिनिटं उकळा, ५० मिली गरम दूध घाला, एक उकळी, गाळा. साखर नाही, आलं नाही, वेलची नाही. ते सगळं घातल्यावर वीस रुपयांची पुडी आणि दोनशेची पुडी यांतला फरक झाकला जातो. अमृततुल्यच्या चहाची मजा वेगळी, पण तिथे तुम्ही पत्तीचं नव्हे, कारागिराचं कौतुक करत असता. बिनसाखरेची फेरी झाल्यावर प्रत्येक कपात ५ ग्रॅम साखर घालून पुन्हा चाखा आणि क्रम बदलतो का पाहा. बऱ्याचदा बदलतो.

कोरडी पत्ती गार पाण्यात टाकताच भडक रंग सोडत असेल तर भेसळीचा संशय घ्या. ओल्या फिल्टर पेपरवर चिमूटभर पत्ती पसरा; रंग मिसळलेला असेल तर कागदावर लगेच ठळक तांबूस-पिवळे डाग उमटतात. लोहचुंबक फिरवून लोखंडाचे कणही पकडता येतात. सुट्या, बिननावाच्या स्वस्त भुकटीची ही तपासणी चाखण्याआधी करा.

नोंद अशी लिहा

वही असो की फोन, चाखता चाखता लिहा. रात्री आठवून लिहिलेली नोंद पाकिटावरच्या मजकुराची नक्कल होते. आणि एकत्र चाखणाऱ्यांनी लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. कुणी ‘मनुका’ म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना मनुका लागू लागतात.

वाईट नोंद: ‘मस्त सुगंध, छान चव, ८/१०.’ उपयोगी नोंद अशी: ‘दार्जिलिंग सेकंड फ्लश, पॅकिंग जुलै. ३ ग्रॅम, १५० मिली, आधण, ५ मिनिटं, नळ-आरओ अर्धं-अर्धं. चोथा तांबूस, काही पानं हिरवट; वास काळ्या मनुकांचा, मागे लाकूड. रंग नारिंगी, उजळ. तुरटपणा मध्यम, गालांवर, लवकर जातो. दाटपणा कमी. निवल्यावर मधाकडे. ४ ग्रॅमला खरखरीत होईल, २.५ ग्रॅम, ३ मिनिटं करून पाहणे.’ ही वाचून दुसरा माणूस तोच चहा करू शकतो आणि तुमच्याशी भांडूही शकतो.

दहापैकी गुण सुरुवातीला देऊ नका. पहिले सगळे चहा सातच्या आसपास अडकतात. त्याऐवजी एकाच बैठकीतल्या चहांचा क्रम लावा आणि पुन्हा घेणार का, याचं हो किंवा नाही लिहा. शेजारी कपाची किंमत. १०० ग्रॅमला ६०० रुपये म्हणजे ३ ग्रॅमचा कप १८ रुपयांचा. दोनदा उतरत असेल तर ९. किलोला ५०० रुपयांची ममरी दीड रुपयाला कप देते. महाग चहाला ‘ठीक’ म्हणायला जीभ कचरते, हा आकडा समोर असला की कचरत नाही.

हमखास चुकतं ते

सगळेच चहा तुरट लागत असतील तर आधी काटा तपासा, मग वेळ. गाळल्यावर कपाच्या तळाशी पत्ती राहिली तरी चहा मुरत राहतो. सगळेच फिके लागले तर पाणी ओतायला उशीर झाला किंवा कप थंड होते. पाचव्या-सहाव्या चहापासून फरकच कळेनासा झाला तर जीभ दमली आहे. बैठक संपवा, बिस्किटं खाऊन जबरदस्ती करू नका. एखाद्या चहाला एकट्यालाच विचित्र वास येत असेल तर तोच चहा दुसऱ्या कपात परत करा. भांडी घासायच्या साबणाचा वास चहावर खपवला जाणं नेहमीचं आहे, म्हणून चाखायचे कप नुसत्या गरम पाण्याने धुवावेत.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, डबा उघडा ठेवून तोलत बसू नका. मोठ्या पाकिटातून ५० ग्रॅम छोट्या घट्ट झाकणाच्या डब्यात काढून तेवढंच वापरा. फ्रिजमधून काढलेली उघडी पत्ती बाहेर येताच दमट होते. तिथे फक्त सीलबंद ग्रीन टी ठेवावा, आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडावा.

डोळे झाकून

दोन-तीन बैठका झाल्या की स्वतःची परीक्षा घ्या. घरातल्या कुणाला तरी तीन वाट्या भरायला सांगा: दोनमध्ये एकच चहा, तिसरीत दुसरा. वाटीखाली चिठ्ठी, तुम्ही दुसऱ्या खोलीत. वेगळी वाटी ओळखायची. एकदा बरोबर येणं नशिबाचंही असू शकतं, तीनात एक संधी असतेच; सलग चारदा नुसत्या नशिबाने जमण्याची शक्यता ८१ मध्ये एक. रंगावरून ओळखता येत असेल तर गडद स्टीलच्या वाट्या घ्या किंवा डोळ्यांवर रुमाल बांधा.

दार्जिलिंग आणि आसाम यांनी सुरुवात करा, ते सोपं जाईल. मग एकाच मळ्याचे दोन हंगाम. मग तुमच्या दोन रोजच्या सीटीसी पुड्या, आधी कोऱ्या, नंतर दूध-साखरेसह. या शेवटच्या फेरीत दोन्ही ओळखू येत नसतील तर पुढच्या महिन्यापासून त्यातली स्वस्त आणा.